शेवटची आठ पानं

माझी सगळ्यात आवडती विज्ञान कादंबरी एकशे बारा पानांची आहे. त्यातली एकशे चार पानं छापील, आणि शेवटची आठ निळ्या शाईत हाताने लिहिलेली. अक्षर माझ्या वडिलांचं, म्हणजे आबांचं.

आबा बुकबाइंडर. उचगावातल्या आमच्या पुढच्या खोलीत शहरातल्या एका वाचनालयाची फाटकी पुस्तकं पोत्यातून यायची. आई खळ शिजवायची, आबा टाके घालायचे. पानं गायब असली तर वाचनालयाचा मालक म्हणायचा, कुठून तरी दुसरी प्रत मिळवा आणि तेवढी पानं उतरवून काढा. आबांचं शिक्षण सातवी, पण अक्षर असं की वाचकांनी कधी तक्रार केली नाही.

कादंबरीतला शास्त्रज्ञ दूरच्या ताऱ्यावर जाऊन येतो. त्याची सहा वर्षं होतात, तोवर पृथ्वीवर दोनशे उलटलेली. शेवटच्या आठ पानांत तो राजधानीत उतरतो आणि कुणालाही न भेटता आपली जुनी गल्ली शोधत जातो. घर असतं तिथं दुसरंच घर. तो पायरीवर बसतो. आतून एक मुलगी येते, गूळ आणि तांब्याभर पाणी पुढं करते. तो पाणी पितो. मग ती विचारते, "कुठनं आलासा, पावणं?" त्याला आभाळाकडं बोट करायचं असतं, पण हात उचलत नाही. समाप्त.

दोनशे वर्षांनंतरची राजधानी, उडत्या मोटारी, आणि पोरगी गूळ-पाणी देते! वर 'पावणं' म्हणते! शेंबड्या पोरालाही संशय आला असता. मला आला नाही, कारण मी हुशार होतो.

किती हुशार, तेही सांगतो. कॉलेजात असताना, नव्वदीच्या मध्यावर, वक्तृत्व स्पर्धेत मी याच शेवटावर बोललो. गूळ हे मानवी संस्कृतीचं प्रतीक आहे, असं मी ठणकावून सांगितलं. परीक्षकांनी माना डोलावल्या. त्यांनीही कादंबरी वाचलेली नसणार. ढाल घेऊन घरी आलो तेव्हा आबा पुठ्ठ्याला खळ लावत होते.

"त्या शेवटात येवढं काय हाय रं?" त्यांनी विचारलं.

"आबा, तुम्हाला त्यातलं काय कळणार?" मी म्हणालो. तेही शहरी मराठीत. कॉलेजात गेल्यापासून मला घरची भाषा बोलायची लाज वाटू लागली होती. आबांनी मान खाली घातली आणि पुठ्ठा उलटा करून दुसऱ्या बाजूला खळ लावली.

पुढं घराघरांत केबल आली आणि वाचनालय बंद पडलं. मालकाने ती प्रत मला देऊन टाकली. मी मराठीचा प्राध्यापक झालो, मुलांना तोच शेवट तोंडपाठ सांगू लागलो. दर एक-दोन वर्षांनी कादंबरी परत वाचायची, शेवटाला डोळे ओले करायचे आणि स्वतःच्या रसिकतेवर खूश व्हायचं, असा माझा शिरस्ता.

दोन हजार सालानंतर कधीतरी एका पुस्तक प्रदर्शनात तिची कोरी, धड प्रत मिळाली. उचगावच्या बसमध्ये बसल्या बसल्या मी वाचून काढली. शेवट आला आणि मला वाटलं, चुकून दुसऱ्याच पुस्तकाची पानं शिवलीत. शास्त्रज्ञ उतरतो तो थेट सत्काराला. हार, तुताऱ्या, अध्यक्षांचं भाषण, त्याला शास्त्रज्ञाचं उत्तर, प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह, आणि शेवटी अध्यक्षांच्या मुलीशी लग्न. माणूस दोनशे वर्षांनी परत येतो आणि या लेखकमहाशयांना सुचतं काय, तर मांडव! साखर कारखान्याच्या वार्षिक सभेतसुद्धा याहून बरं काहीतरी घडतं.

घरी पोचेपर्यंत मी प्रकाशकाला शिव्या देत होतो. चांगला शेवट बदलून याने हा भिकार शेवट घातला, असं माझ्या विद्वान डोक्याने ठरवलं होतं. आबा खाटेवर बसले होते. मोतीबिंदूमुळे काम सुटलं होतं.

"आबा, ती आठ पानं कुठल्या प्रतीवरनं उतरवलीसा?"

"प्रत कुठली? सगळीकडं हिंडलो, गावली न्हाय. मालक म्हणाला, शेवट नसला तर पुस्तक कोण न्हील? मग लिवली."

"आणि गूळ-पाणी?"

"लांबनं आलेला माणूस. पाणी नको द्यायला? आमच्या लहानपणी गावात आदी नाव इचारायची, मग पाणी द्यायचं का न्हाय ते ठरवायची. ते बी वरनं वतायची. म्हणून म्या पोरीला आदी पाणी द्यायला लावलं. इचारणं मागनं."

आमच्या घराने छप्पन साली धम्म घेतला, तेव्हा आबा पोरगेलेसे होते. हे सगळं मला माहीत होतं. तरी मला गुळात मानवी संस्कृती दिसली होती, पाणी दिसलं नव्हतं.

"मग मी ढाल घेऊन आलतो तवा सांगायचं न्हाय व्हय?"

"तूच म्हणालतास की, मला त्यातलं कळत न्हाय. मला वाटलं, नसंल कळत."

त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हता. छापलेला शेवट काय आहे, ते वाचून दाखव म्हणाले. मी वाचला. हार, तुताऱ्या, भाषणं, लग्न, सगळं. मी पुस्तक मिटलं तरी आबा पुढचं ऐकायला थांबल्यासारखे बसून होते.

"म्हंजी," त्यांनी विचारलं, "त्याला पाणी कुणीच दिलं न्हाय?"