शेवटच्या हीटचं नाव

सिस्टर कुणाशीही हात मिळवायच्या तो डाव्या हाताने. समोरचा माणूस गोंधळून उजवा हात मागे घेई, डावा पुढे करी, आणि मग तो हात सिस्टरच्या मुठीत जरा जास्तच वेळ राही. अंगठ्याच्या बुडाशी त्या हलकेच दाबायच्या, मनगट किंचित वळवून बघायच्या, आणि चेहऱ्यावर मात्र चहा घेणार का विचारतानाचं हसू. स्पीडवेच्या मोटरसायकलचा क्लच डाव्या हातात असतो. शर्यतीच्या सुरुवातीला आडवी लावलेली टेप वर उडाली, की तो क्लच कोण किती सफाईने सोडतो यावर अर्धी शर्यत ठरते. सिस्टर त्या खेळातल्या एका टीमच्या मॅनेजर होत्या. त्यामुळे त्यांचं हस्तांदोलन ही तपासणीच असायची, आणि ती झाल्याचं तपासलेल्या माणसाला कळायचंही नाही.

त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. मिरजेला नर्सिंग शिकून त्या तरुणपणी इंग्लंडला आल्या आणि मिडलंड्समधल्या एका हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डमध्ये निवृत्त होईपर्यंत राहिल्या. जवळच स्पीडवेचा ट्रॅक. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी कुणाचं कॉलरबोन, कुणाची मांडी असं काहीतरी वॉर्डात येऊन पडलेलं असायचंच. त्या पोरांनीच त्यांना एकदा खेळ बघायला नेलं. निवृत्तीनंतर क्लबला मॅनेजर मिळेना, तेव्हा ती खुर्चीही त्याच पोरांनी त्यांच्याकडे सरकवली. रायडर डॅनिश असो, पोलिश असो की ऑस्ट्रेलियन, सगळे त्यांना ‘सिस्टर’च म्हणायचे. लग्न केलं नव्हतं. ‘वॉर्डात इतके पुरुष ओरडताना बघितले की घरात एक आणखी कशाला,’ असं त्या म्हणायच्या.

माझी त्यांची गाठ पडली ती लेस्टरला, मंडळाच्या हळदीकुंकवात. मी डॉक्टर म्हणून नुकतीच इकडे आले होते, कुणाला ओळखत नव्हते. हिरव्या काठाच्या साडीवर जाड फ्लीसचं जॅकेट घातलेल्या या बाई शेजारी येऊन बसल्या.

“कुठल्या डिपार्टमेंटला असतेस गं?”

“कॅज्युअल्टीत, म्हणजे इथल्या ए अँड ईत.”

“मग रविवारी काय करतेस?”

मला वाटलं, भजनाला बोलावतायत. रविवारी त्यांनी मला गाडीत घातलं ते थेट ट्रॅकवर आणलं. डॉक्टर हजर नसेल तर शर्यत सुरूच करता येत नाही, आणि त्यांचा जुना डॉक्टर स्पेनला जाऊन राहिला होता. मी तिथे उभी राहून पहिली शर्यत बघितली. चार जण, चार फेऱ्या, मोटरसायकलला गिअर एकच आणि ब्रेक नाहीच. अशा एकेका छोट्या शर्यतीला हीट म्हणतात, आणि बऱ्याच हीट मिळून एक सामना. लाल चुऱ्याच्या लंबगोल ट्रॅकवर वळणात मागचं चाक बाहेर फेकत, जवळजवळ आडवे होऊन ते चौघे माझ्या समोरून गेले आणि माझा चहा कपात तसाच राहिला.

“ब्रेक का नाही?” मी विचारलं.

“ब्रेक असता तर कुणीतरी लावला असता,” सिस्टर म्हणाल्या. “मग मागचा त्याच्यावर चढला असता.”

या खेळाचा दुसरा नियम मला पुढच्या हिवाळ्यात कळला, त्यांच्या स्वयंपाकघरात. टीममध्ये सात रायडर. प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा, म्हणजे गेल्या मोसमातल्या गुणांची सरासरी. आणि सातही जणांची बेरीज एका ठरलेल्या मर्यादेच्या वर जाता कामा नये. सगळे वाघ एकाच क्लबने उचलू नयेत म्हणून ही अट. सिस्टरनी मला समजावलं ते ताट पुढे ओढून. त्यात त्यांनी सात वाट्या ठेवायला घेतल्या. एक मोठी ठेवली की दुसरी लहान घ्यावी लागत होती, दोन मोठ्या ठेवल्या तर सातवी काठावर डुगडुगत होती.

“मग जिंकायचं कसं?” मी म्हटलं. “सगळ्यांचं ताट सारखंच की.”

“आकडा गेल्या वर्षीचा असतो. माणूस यंदाचा.” हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. “ज्याचा आकडा लहान आणि माणूस मोठा, तो शोधायचा.”

असा माणूस त्यांना कुठे सापडायचा, तर मोडलेल्यांत. अपघातानंतर परतलेला रायडर आधी जपून चालवतो, गुण कमी पडतात, सरासरी खाली येते. बाकीचे मॅनेजर तो घसरलेला आकडा बघून त्याला सोडून देत. सिस्टर त्याच्या घरी जात. डबा घेऊन जात, डावा हात हातात घेत, जिन्यावरून त्याला दोनदा खालीवर करायला लावत. कुठलं हाड पुरतं बसलंय आणि कुठलं अजून लबाडी करतंय, हे चाळीसेक वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला कळायचं. “हाड जुळतं गं लवकर,” त्या म्हणायच्या. “भीती जुळायला वेळ लागतो. ती कुठवर आलीय ते बघायचं.” दुसऱ्या क्लबची माणसं आमच्या टीमला चेष्टेने ‘वॉर्ड’ म्हणत. पण वॉर्ड जिंकत असे.

मला ते सगळं पचत नव्हतं. एकदा मी बोलूनही दाखवलं. “सिस्टर, आपण यांच्या दुखण्याचा फायदा उठवतो, असं नाही वाटत तुम्हाला?”

त्या भाजी चिरत होत्या. थांबल्या नाहीत. “उठवतो की. पण मग नुसतं घेऊन चालत नाही. घेतलं की सांभाळायला लागतं.”

या नियमाचा एक क्रूर भाग असा, की ज्याला तुम्ही वर आणता तोच तुमच्या हातून जातो. तो उत्तम खेळला की त्याचा आकडा वाढतो, आणि पुढच्या वर्षी तो ताटात मावत नाही. ल्यूकचं तसंच झालं. बर्मिंगहॅमकडचा, तांबड्या केसांचा, बडबड्या. सिस्टरकडे तो कुणीच नसताना आला आणि दोन मोसमांत आघाडीचा रायडर झाला. मग एका हिवाळ्यात सिस्टरनी त्याला स्वयंपाकघरात बसवून सांगितलं, की यंदा तू नाहीस.

“मी तुमच्यासाठी जिंकलो,” तो म्हणाला, “म्हणून मला काढताय?”

“हो,” सिस्टर म्हणाल्या. त्याने चहा अर्धा टाकला आणि दार न लावता गेला. त्या बराच वेळ उघड्या दाराकडे बघत बसल्या. थंडी आत येत होती, शेवटी मीच उठून दार लावलं.

दुसऱ्या क्लबात ल्यूक वाईट पडला. पाठीचे दोन मणके आणि डोक्याला मार. परतला तेव्हा तो ल्यूक नव्हता. आकडा घसरत घसरत अगदी तळाला आला. पुढचा हिवाळा आला आणि आमच्या चेअरमनच्या ते बरोबर लक्षात आलं. ल्यूक त्या लहान आकड्याला मिळाला, तर उरलेल्या जागेत दोन मोठे रायडर बसत होते. लीगमधली सगळ्यात ताकदवान टीम आमची झाली असती. चेअरमन तसे भले गृहस्थ, बांधकामाच्या धंद्यातले, पण क्लबने एकदाही अजिंक्यपद जिंकलं नव्हतं आणि ते त्यांना झोपेतही टोचायचं.

सिस्टर ल्यूकच्या घरी गेल्या. या वेळी परतायला खूप उशीर लावला. आल्यावर मला म्हणाल्या, “पाठ उत्तम आहे. हातही.”

“आणि डोकं?”

“डोक्यात मला हात घालता येत नाही.” मग म्हणाल्या, “पण तो येतो म्हणाला. आणि मला तो हवाय गं.”

तो मोसम मी कसा काढला ते माझं मला माहीत. ल्यूक पहिल्यासारखा खेळायला लागला. टेप उडाली की तो पुढे, वळणात इतका खाली झुकलेला की खांदा चुऱ्याला लागतोय असं वाटावं. स्टँडमध्ये लोक नाचायचे. सिस्टर पिट्समध्ये, म्हणजे ट्रॅकलगत गाड्या तयार करतात तिथे, कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभ्या असायच्या आणि तो फिनिशला पोचेपर्यंत त्यांची बोटं पांढरी झालेली असायची. आम्ही जिंकत गेलो. अंतिम फेरीचा पहिला सामना प्रतिस्पर्ध्यांच्या ट्रॅकवर बरोबरीत सुटला. दुसरा आमच्याकडे, ऑक्टोबरातल्या रविवारी दुपारी.

त्या दुपारी पावसाची एक सर येऊन गेली होती, ट्रॅक जड झाला होता. मधल्या एका हीटमध्ये ल्यूकचं पुढचं चाक खाचेत अडकलं आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. मी धावले. मी पोचेपर्यंत तो उठून बसला होता. त्याला मेडिकल रूममध्ये आणलं, सगळं तपासलं. बुबुळं, तोल, मान. प्रश्न विचारले; तारीख, ट्रॅक, स्कोअर, मागची हीट कोण जिंकलं, सगळं बरोबर. शब्द उलटे म्हणायला सांगितले, तेही म्हणाला. वर मला म्हणाला, “डॉक, तुम्हीच जास्त फिकट दिसताय.” बाहेर काढण्यासारखं मला काही सापडलं नाही. तरी पुढच्या हीटला मी त्याला बसवून ठेवलं आणि पुन्हा तपासलं. पुन्हा सगळं ठीक.

शेवटची हीट उरली तेव्हा आम्ही दोन गुणांनी मागे होतो. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. आमचे दोघे पहिला-दुसरा आले तर अजिंक्यपद आमचं. आणि शेवटच्या हीटला कोण दोघे उतरायचे, ते मॅनेजर ठरवतो. एक आमचा ऑस्ट्रेलियन कॅप्टन. दुसरा ल्यूक, हे स्टँडमधल्या पोराटोरांनासुद्धा माहीत होतं. त्याने हेल्मेट चढवायला घेतलं होतं.

सिस्टरनी अधिकाऱ्याला नाव दिलं ते आमच्या वयस्क डॅनिश रायडरचं.

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग चेअरमन धावत आले. “डॉक्टरने त्याला पास केलंय!”

“केलंय,” सिस्टर म्हणाल्या.

“मग?”

“तो नाही उतरणार.”

ल्यूक हेल्मेट हातात घेऊन समोर उभा राहिला. “मी चांगला होतो म्हणून काढलंत. आता मी कसा आहे म्हणून काढताय? मला कारण सांगा.”

सिस्टरनी त्याच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं आणि स्वतःच्या काखेत धरलं. चेअरमनचा चेहरा लालबुंद झाला होता. मागे लाउडस्पीकरवर नाव जाहीर झालं आणि स्टँडमधून जो आवाज आला, तसा मी कधी ऐकला नव्हता. आपल्याच मॅनेजरची आपलेच लोक हुर्यो उडवत होते.

मी त्यांच्या कानाशी म्हटलं, “तुम्ही काय बघितलंत? मला सांगा, मी त्याला रीतसर बाहेर काढते.”

“त्याचा मेकॅनिक रोजचा जोक सांगत होता,” त्या मराठीत, हळू म्हणाल्या. “ल्यूक नेहमी शेवटची ओळ आधीच म्हणून टाकतो. आज त्याने ऐकून घेतली. आणि मग हसला. उशिरा हसला गं.”

“एवढंच?”

“एवढंच. हे तुला कुठे लिहिता यायचं? तू तुझं काम नीट केलंस. नाव मी द्यायचं असतं, ते मी दिलं. तू यात येऊ नकोस.”

टेप उडाली. कॅप्टन सुटला तो सुटलाच. आणि आमचा तो म्हातारा डेन, देव त्याचं भलं करो, तिसऱ्या फेरीपर्यंत दुसरा होता. सगळा स्टँड उभा राहिला. चौथ्या फेरीच्या शेवटच्या वळणात समोरच्यांपैकी एक त्याच्या आतून घुसला, दुसरा बाहेरून, आणि डेन शेवटचा आला. हीट तीन-तीन अशी बरोबरीत. आम्ही दोन गुणांनी हरलो.

ल्यूकला मी त्याच संध्याकाळी स्कॅनला पाठवलं. सिस्टर माझ्याबरोबर हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून होत्या, अंगात तेच क्लबचं जॅकेट, बुटांना लाल चिखल. खोटं कशाला सांगू, काहीतरी निघावं असं मला वाटत होतं. फार नाही, थोडंसं. त्यांचा शब्द राहण्यापुरतं.

रिपोर्ट स्वच्छ आला. कुठे काही नव्हतं.

मला त्यांच्याकडे बघवेना. मी कसंबसं सांगितलं. सिस्टरनी डोळे मिटले, खुर्चीत मागे टेकल्या, आणि इतका मोठा श्वास सोडला की समोरून जाणारी नर्स थांबली.

“काही नाही ना? बरं झालं बाई,” त्या म्हणाल्या. “बरं झालं.”

त्या हिवाळ्यात चेअरमननी नवा मॅनेजर आणला. सिस्टरनी वाद घातला नाही. ल्यूक त्यांच्याशी वर्षभर बोलला नाही. पुढे त्याच्या बायकोने बाळाचा फोटो पाठवला, त्याने स्वतः मात्र नाही. त्या ग्लासगोला भाचीकडे राहायला गेल्या आणि गेल्या हिवाळ्यात तिथेच वारल्या. त्याआधीच्या उन्हाळ्यातली एक गोष्ट सांगायची राहिलीय.

मी अजून ट्रॅकवर डॉक्टर म्हणून जात होते. एका महत्त्वाच्या सामन्यात आमचा एक रायडर पडला, उठला, माझ्या सगळ्या तपासण्यांत पास झाला. आणि तरी मला तो आवडला नाही. काय आवडलं नाही ते मला आजही सांगता येणार नाही. नवा मॅनेजर डोक्याला हात लावून माझ्यासमोर उभा. मी म्हटलं, हा आज पुन्हा उतरणार नाही. कारण विचारलं, तर म्हटलं, मला खात्री वाटत नाही, एवढंच कारण.

घरी येऊन मी ग्लासगोला फोन लावला. सगळं सांगितलं. खरं तर शाबासकी हवी होती. त्यांचा श्वास तेव्हा फोनवरही ऐकू यायला लागला होता.

“पोरगा बरा आहे?”

“बरा आहे. घरी गेला.”

“हं.” मग आवाज एकदम बदलला, कठड्याला धरून उभ्या असायच्या तेव्हासारखा. “आणि स्कोअर? स्कोअर काय झाला?”

“हरलो, सिस्टर. एका गुणाने.”

“अरेरेरे!” त्या कळवळून म्हणाल्या. “एका गुणाने? अगं, काय हे! शेवटच्या हीटला कुणाला घातलं त्या मूर्खाने?”

आणि मग तासभर मला ती सगळी शर्यत वळणावळणाने सांगायला लागली.