सूर्य पाहणाऱ्याची सही

साल दोन हजार तेवीस. मी एकाहत्तर वर्षांचा होतो.

वेधशाळेच्या हॉलमध्ये चाळीस पोरंपोरी बसली होती. अमरावतीची, अकोल्याची, वरुडची, दोन-तीन धारणीकडची. सरांची जन्मशताब्दी होती. सर म्हणजे आमच्या भागात रोज सूर्यावरचे डाग मोजणारा पहिला माणूस. अमरावतीबाहेरच्या टेकडीवर ही वेधशाळा त्यांनीच उभी केली. त्यांच्या नावानं तीन दिवसांचं शिबिर होतं. नव्या पोरांना सूर्य पाहायला शिकवायचं. भिंतीवर सरांचे म्हणून जुने कागद काचेत लावले होते. एक दिवस, एक कागद. कागदावर मोठा गोल, गोलात पेन्सिलीनं काढलेले डाग. खाली तारीख आणि सरांच्या नावाची दोन अक्षरं.

एका कागदापाशी मी थांबलो. शेजारी दोन पोरं उभी होती. मी बोट दाखवून म्हणालो, "हा डाग मी पाह्यला तवा एकच होता. दुसऱ्या रोजी त्याचे दोन झाले."

मागे वेधशाळा चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष उभे होते. सरांचे जुने विद्यार्थी, आता निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या हातात माइक होता. माइक चालू होता.

"ऐकलंत का मुलांनो? आमच्या काकांनी सूर्य पाहिलाय!"

पोरं हसली.

"अहो, हे सरांचा चहा आणायचे. डोम फिरवायचे. फार प्रामाणिक माणूस. बरं काका, सांगा मुलांना, सनस्पॉट म्हणजे काय?"

चाळीस तोंडं माझ्याकडे वळली. जे मी चोवीस वर्षं पाहिलं, ते का होतं हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

"डाग," मी म्हणालो.

सारा हॉल हसला.

"झालं! डाग म्हणजे डाग. जा काका, पोहे आले का बघा बरं."

मी गेलो. हेच मला आधी लिहायचं आहे. मी गेलो. पोहे आले का ते पाहिलं. परत येऊन सांगितलं, आले म्हणून.

मी चौथी शिकलो. चौथीही पूर्ण नाही, दिवाळीपर्यंतची. वेधशाळेचं बांधकाम चालू होतं तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. टेकडीवर विटा वाहायचो. काम संपलं, बाकीचे मजूर गेले, मला सरांनी शिपाई म्हणून ठेवून घेतलं. एक दिवस म्हणाले, "तुझी नजर चांगली आहे. ये इकडे."

दुर्बिणीतून सूर्य डोळ्यानं पाहायचा नसतो. डोळा जातो. दुर्बिणीमागं पाटी बसवायची, पाटीवर कागद, आणि सूर्याचं बिंब कागदावर पाडायचं. गोलात गोल बसला की डागावर पेन्सिल ठेवायची. मधला भाग काळा भरायचा, कडेचा फिका. सकाळी आठच्या आत काम संपवायचं. वऱ्हाडातलं ऊन. जमीन तापली की हवा हलते आणि कागदावरचा सूर्य उकळत्या पाण्यासारखा थरथरतो. म्हणून मी सहा वाजता डोमभोवती, म्हणजे दुर्बिणीवरच्या फिरत्या घुमटाभोवती, बादल्यांनी पाणी मारायचो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या अंगणात माय सडा टाकायची, तेव्हा गारवा यायचा. त्यावरून सुचलं. सरांनी त्या दिवशी माझ्या पाठीवर हात ठेवला होता.

सरांचा एक नियम होता. ज्यानं पाहिलं त्यानंच सही करायची. दुसऱ्याच्या डोळ्याची हमी आपण द्यायची नाही. सर परगावी गेले की मी कागद काढायचो आणि खाली माझी दोन अक्षरं टाकायचो. सर परत आले की तो कागद त्यांच्या कागदांमध्येच लावायचे. वेगळा नाही. पंधरा वर्षं असं चाललं.

मग सरांना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला तेव्हा वेधशाळेत मीच होतो. मी पाणी मारलं, पाटी लावली, कागद काढला. खाली माझी अक्षरं. महिनाभर असंच केलं.

महिन्यानं मंडळाचे सचिव वर आले. तेच आजचे अध्यक्ष. त्यांनी कागद चाळले.

"हे काय लिहितोस?"

"माही सही, साहेब."

"शिपायाची सही असलेले कागद बाहेर कोण बघणार? सरांची इतक्या वर्षांची नोंद तुटेल. सरांचीच अक्षरं घाल. सरांसाठी कर."

सरांसाठी म्हणाले तिथं मी फसलो. माझा हात कोणी धरला नव्हता. पेपरच्या कोऱ्या कडेवर सरांची अक्षरं चार दिवस गिरवली. जमली तेव्हा आनंद झाला, हेही लिहितो. मला वाटलं, पाहायला सरांनी शिकवलं, मग नाव त्यांचंच राहू दे. शहाण्या माणसानं ही चूक केली नसती. माझ्यासारख्या भक्तानं केली.

नऊ वर्षं केली. तापात केली. थोरल्या भावाच्या मातीला गेलो तेव्हाही सकाळचा कागद काढून मग गेलो. मधली काही वर्षं सूर्य कोराच असायचा. महिना महिना एक डाग नाही. तेव्हा कोरा गोल काढायचा, तारीख टाकायची. त्या कोऱ्या कागदावरही सरांची अक्षरं.

दर रविवारी आठवड्याचे कागद घेऊन मी सरांच्या घरी जायचो. मागच्या दारानं. आमी बौद्ध. वेधशाळेत सरांनी कधी भेद केला नाही, हे मी कोणापुढंही सांगीन. पण त्यांच्या घराच्या उंबऱ्याच्या आत मला कोणी बोलावलं नाही. धडधाकट होते तेव्हा सरांनीही नाही. बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, कागद घेऊन आत जायच्या. मी बाहेर उभा. खिडकीतून खाट दिसायची. बाई एकेक कागद सरांच्या डोळ्यांपुढं धरायच्या. सर वरून खालपर्यंत पाहायचे. पार अक्षरांपर्यंत.

घरी आलो की बायको विचारायची, "काय म्हनले सर?"

"खूश हायेत," मी सांगायचो.

सर गेले. मंडळानं सूर्याचं काम बंद केलं. मी सहलीच्या पोरांसाठी डोम फिरवत राहिलो, मग निवृत्त झालो. बायको गेल्यावर अकोल्याला लेकीकडे राहायला आलो. बारा वर्षं कोणी विचारलं नाही. आणि मग फोन आला. "काका, शताब्दीला या. तुम्ही असायलाच पाहिजे."

मी लेकीला सांगितलं, सत्काराले बोलावलं. तिनं शर्ट धुतला, इस्त्री केली.

"आबा, बोलाले लावलं तर बोलसान ना?"

"बोलतो नं. काहून नाही बोलत?"

"दोनच शब्द बोला. रडू नका."

टेकडीवर पोचलो तेव्हा कळलं, डोम अडकला होता. साखळी कुठून सोडवायची हे एकट्या मलाच माहीत होतं. म्हणून बोलावलं होतं.

पोहे झाले. पोरांना बाहेर छोट्या दुर्बिणी लावून दिल्या. आज प्रत्येकानं आपला पहिला कागद काढायचा होता. शिकवणारे माइकवरून बोलून सावलीत गेले. उशीर झाला होता, फरशी तापली होती. धारणीकडची एक पोरगी पाटीपुढं बसली होती. कोरकू आदिवासी घरची, कॉलेजच्या पहिल्या वर्षाची. तिचा सूर्य थरथरत होता. तिनं तीनदा काढला, तीनदा खोडला. डोळ्यात पाणी आलं होतं तिच्या.

मी बादली आणली. तिच्या भोवती पाणी मारलं.

"आजोबा, हे काहून?"

"थांब जराशी. पाह्य आता."

सूर्य शांत झाला. तिनं श्वास रोखला आणि डागावर पेन्सिल ठेवली. मी म्हटलं, जेवढं दिसते तेवढंच काढ, मनानं भरू नको. तिनं पाच डाग काढले. सुरेख काढले. मग माझ्याकडे पाहिलं.

"सगळं तुम्हीच दाखवलं. तुमचं नाव टाकू का खाली?"

"पाह्यलं कोनं?"

"मी."

"मंग तुयी सही. दुसऱ्याचं नाव कदी टाकू नको."

"आणि कोणी मोठ्यानं सांगितलं तर?"

"तरी नाही."

बोलून गेलो. तिनं मान खाली घालून आपलं नाव लिहिलं. पूर्ण लिहिलं. बापाचं, आडनाव, सगळं. मी रिकामी बादली घेऊन तिथंच उभा राहिलो.

तेव्हा मला सरांची मान आठवली. हात गेला होता, वाचा गेली होती. मान हलत होती. पाणी पाहिजे की नको हे सर मानेनं सांगायचे. खिडकी उघडी ठेवायची की लावायची, मानेनं. मी स्वतः पाहिलं होतं. नऊ वर्षं दर रविवारी माझ्या हातचे कागद, त्यावर आपली अक्षरं, सरांनी पाहिली. एकदाही नको म्हणायला मान हलली नाही.

आणि मी घरी जाऊन सांगत होतो, खूश हायेत.

मी अध्यक्षांच्या खोलीत गेलो. टेबलावर सरांच्या स्मरणग्रंथाची छापायची पानं होती. मला वाचायला वेळ लागतो, पण मी वाचतो. लिहिलं होतं, सरांनी आजारपणातही एक दिवस न चुकता स्वतःच्या हातानं ही नोंद चालू ठेवली.

"हे खोटं हाय," मी म्हणालो. "शेवटचे नऊ वर्षं माहे हायेत. तुमाले ठाऊक हाय. तुमीच सांगतलं होतं."

"मी? काही लेखी आहे का?"

"सर खाटेवर होते. टेकडीवर कसे येतीन?"

"लोकांना एवढा हिशोब करायला वेळ नसतो, काका." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "तुम्ही काय बोलताय कळतंय का? म्हणजे तुम्ही नऊ वर्षं सरांच्या खोट्या सह्या केल्या. गुन्हा आहे तो. आणि सरांना खोटं पाडायचंय का तुम्हाला? ज्यांनी तुम्हाला विटांतून वर काढलं त्यांना?"

मी पान परत टेबलावर ठेवलं.

"उद्या दहाला समारोप आहे. तुम्हाला शाल देतो. 'सरांचे निष्ठावंत सेवक' म्हणून. फोटो पेपरात येईल. आता जा, जेवून घ्या."

"पुस्तकात माहं नाव टाका."

"अहो, सेवक म्हणून टाकलंय ना. शेवटच्या पानावर."

"सेवक नाही. पाह्यलं मी."

ते हसले. "मग जा पोलिसात, द्या स्वतःला अटक करून," म्हणाले आणि फोन उचलला.

मी जेवलो नाही. वेधशाळेच्या स्टोअररूममध्ये सतरंजी टाकून पडलो. विचार केला. पुस्तक छापून येणार. मी बोललो तर माझं कोणी मानणार नाही. आणि मानलं तर सरांची नोंद मोडणार. जगात कोणी मला काही शिकवलं असेल तर त्याच माणसानं. त्याचीच नोंद माझ्या हातानं मोडायची. न बोलावं, तर माझी नऊ वर्षं कोणीच जगलं नाही. ती पोरगी पुढच्या वर्षी तेच कागद सरांचे म्हणून मोजत बसेल. दोन्हीकडून माझ्या पदरात काही पडत नव्हतं. मला झोप लागली. लिहायला बरं दिसावं म्हणून जागलो असं कशाला सांगू? चांगली झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला, टेकडी उतरलो, ऑटोनं शहरात आलो आणि पोलीस ठाण्यात गेलो. टेबलाशी एक जवान शिपाई बसला होता.

"काय हाय, बाबा?"

"तक्रार लिहाची हाय."

"कोनाविरुद्ध?"

"माह्याविरुद्ध."

त्यानं पेन खाली ठेवला. "सकाळीच घेऊन आले काय?"

"मी घेत नाही. मी खोट्या सह्या केल्या. नऊ वर्षं, रोज. ते कागद वेधशाळेत काचेत लागले हायेत. ते सगळे माह्या हातचे हायेत. लिहून घ्या."

"अशी तक्रार नसते, बाबा. घरी जा. कोनी हाय का घरी?"

"साहेब येईपर्यंत बसतो."

बाकावर बसलो. दहा वाजले. फोन वाजला, अध्यक्षांचा होता. वाजू दिला. पुन्हा वाजला, पुन्हा वाजू दिला. शिपायानं दोनदा घरी जा म्हटलं. एकदा चहा दिला. चहा घेतला, उठलो नाही. साडेअकराला त्यानं वैतागून एक कोरा कागद ओढला.

"सांगा. नाव?"

मी माझं सांगितलं, बापाचं सांगितलं, आडनाव सांगितलं.

"वय?"

"एकाहत्तर."

"काय करत होते?"

"रोज सूर्याचे डाग पाहून कागदावर काढत होतो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि लिहिलं, 'शिपाई, निवृत्त'. मला वाचायला वेळ लागतो. पण मी वाचलं. कागदावर बोट ठेवलं.

"खोडा ते," मी म्हणालो. "मी सांगतलं तेच लिहा."