एका ताटाचा रिपोर्ट

आमच्या घरातलं पितळी ताट एवढं मोठं आहे, की बैलगाडीचं चाक निखळलं तर त्याच्या जागी ते बसवून उदगीरहून देवणीपर्यंत आरामात जाता येईल. मोंढ्यात, म्हणजे आमच्या धान्यबाजारात, मी हे सांगतो तेव्हा लोक हसतात. हसू द्या. चाकाचं सोडा, पण त्या ताटात दोन माणसं समोरासमोर बसून पोटभर जेवायची आणि एकाचा हात दुसऱ्याच्या हाताला लागायचा नाही, एवढं मात्र शंभर नंबरी खरं.

ती दोन माणसं म्हणजे मी आणि माझा थोरला भाऊ. त्याला अख्खा मोंढा अण्णा म्हणतो, म्हणून मीही अण्णाच म्हणतो. लहानपणी वेगळं वाढलं की आम्ही एकमेकांच्या ताटात डोकावून भांडायचो. आईनं वैतागून एकाच ताटात वाढायला सुरुवात केली. भांडण मिटलं, ताट राहिलं. पुढं लग्नं झाली, आई गेली, वडील दुकानात पावती फाडता फाडता बसल्या जागी गेले, अण्णाची बायको गेली. त्याला मूलबाळ नव्हतं. आडतीच्या दुकानात अर्धी भागी त्याची, अर्धी माझी. आणि ताटातही तसंच.

जेवण झालं की ताटात पाणी ओतायचं, बोटांनी ताट धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं, ही आम्हा लिंगायतांची जुनी रीत. अन्न म्हणजे प्रसाद, त्याचा कणही मोरीत जाता कामा नये. आता ही रीत फार घरांत उरली नाही, पण आमच्याकडं होती. आणि थोरला म्हणून ते पाणी पिण्याचा मान अण्णाचा.

पाणी म्हणजे बोलायची पद्धत. आमच्या घरच्या आमटीवर तर्रीचा थर असा असायचा, की त्यात बघून माणसानं दाढी करावी. शेंगदाण्याची चटणी मुठीत दाबली की कोपरापर्यंत तेलाचा ओघळ. धपाटं तव्यावरून उचललं, की तवा म्हणायचा, सगळं तेल तर हेच घेऊन गेलं, आता मला कशाला ठेवलंय? त्यामुळं शेवटी ताट धुऊन अण्णा जे प्यायचा, त्यात पाणी किती आणि तेल किती, हे महादेवालाच ठाऊक.

माझं प्रकरण डोळ्यांपासून सुरू झालं. चष्म्याचा नंबर काढायला गेलो होतो. डोळ्यांच्या डॉक्टरनं बॅटरी मारली, नंबर राहिला बाजूला आणि माझ्या पापण्यांवरचे पिवळे चट्टे बघत बसला. "हे कधीपासून आहे?" म्हणाला. मी म्हणालो, "आमच्यात खानदानी आहे. वडिलांना होतं, भावाला आहे. आई म्हणायची, देवानं सोनं लावलंय." तो काही हसला नाही. रक्त तपासून या म्हणाला.

रक्त तपासलं. लॅबवाल्याची सुई माझ्या दंडातून बाहेर आली ती तेलात बुचकळल्यासारखी, आणि तो म्हणाला, "शेटजी, ह्यात पावशेर भजे निघतील." हे तो म्हणाला नाही, हे मी मोंढ्यात सांगितलं. तो फक्त म्हणाला, "डॉक्टरला दाखवा, आजच." मोंढ्यात सांगायला हे चांगलं नव्हतं.

डॉक्टरनं रिपोर्ट वाचला. वडील कसे गेले ते विचारलं. मग समजावून सांगितलं, की कोलेस्ट्रॉल फार चढलंय, आधी खाणं बदला, रोज चाला, तीन महिन्यांनी पुन्हा बघू, उतरलं नाही तर गोळी. आणि शेवटी म्हणाला, "भाऊ आहे का? त्यांचंही रक्त तपासून घ्या. हे घराण्यात असतं."

अण्णा बाहेर बाकड्यावर बसला होता, गालात तंबाखू.

"काय म्हणला?"

"कोलेस्ट्रॉल हाय म्हणला."

"आपल्याला? आरं, आपल्या सात पिढ्यांत कुणी अंडं फोडलं न्हाई! ती खाटकाच्या गिऱ्हाइकाची बिमारी."

"तुजं बी रगत बघायला सांगितलंय, अण्णा."

तो उठला, थुंकून आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बारक्या, आपण येगळं खाताव का? एका ताटातलं खाताव. तुजं बघितलं न्हवं? मग माजं बी बघितलं."

"रगत काय ताटात तयार होतं का?"

"मग काय परातीत होतं? चल, ऊन लागलालंय."

मी पुष्कळ हुज्जत घातली. त्याच्या पापण्यांवरचे चट्टे माझ्याहून मोठे होते, ते बोटानं दाखवले. तो म्हणाला, "थोरल्याला सोनं जास्तच मिळतं, त्यात जळतोस कशाला?" आमच्या धंद्यात पोत्यात बोथी, म्हणजे टोकदार नळी, खुपसून मूठभर माल काढतात आणि त्यावरून सगळ्या थप्पीचा भाव ठरतो. अण्णानं आयुष्यभर तेच केलं होतं. एक पोतं बघितलं, थप्पी बघितली. मी बघितलेलं पोतं होतो.

पण एक सांगतो, ताटाच्या बाबतीत त्यानं बेइमानी केली नाही. माझ्या बायकोनं तेलाची बरणी वरच्या फळीवर ठेवली आणि फोडणीला चमचा आणला. तो चमचा इतका लहान, की मुंगीनं कान कोरावा. मला वाटलं, अण्णा आता वेगळं वाढायला सांगेल. म्हणजे सांगावं असंच मला वाटत होतं. बायकोनं विचारलंही, "अण्णा, तुमच्यापुरती आमटी निराळी करू का?"

"माय, ताट येगळं केलं की घर येगळं होतं. जे ह्याला, ते मला."

मग आम्ही दोघांनी मिळून काय काय गिळलं म्हणता! कोरडी भाकर. वाफवलेली अंबाडी, जिच्यावरून तेलाचा वारा तेवढा गेलेला. जवसाची चटणी. हुलग्याचं माडगं. नांदेडला दिलेल्या माझ्या मुलीनं ओट्स पाठवले, ते शिजवल्यावर अण्णानं बोटानं उचलून भिंतीला लावून बघितले आणि म्हणाला, "पोस्टर चिकटवायला चांगलं हाय." पण खाल्ले. ताट धुतलं, प्यायला, आणि म्हणाला, "आज पहिल्यांदा ह्याच्यात पाणी लागलं."

चालायला मात्र तो तयार नव्हता. पहाटे माझ्याबरोबर निघायचा, रेल्वे स्टेशनच्या बाकड्यावर बसायचा आणि मला पुढं पिटाळायचा. "तू चाल. भागीत अर्धं माजं." मी किल्ल्यापर्यंत जाऊन, घामानं निथळून परत यायचो, तर हा चहा पीत बसलेला, दुसऱ्या हातात भजं. मी बघितलं की म्हणायचा, "कागदावर हाय रे. ताटात कुठं हाय?"

त्याचा हिशेब असा होता. ताटात जे येतं ते खाणं. कागदावरचं, द्रोणातलं, उभ्यानं तोंडात टाकलेलं, ते खाण्यात धरायचं नाही. तंबाखू तर नाहीच नाही. हदगावला मुलीच्या सासरकडच्या एका लग्नाला गेलो, तिथं वाढपी जिलेबी घेऊन आला. मी पत्रावळीवर आडवा हात धरला. अण्णानं माझ्याही वाट्याची घेतली. व्याही खूश होऊन म्हणाले, "खावं तर अण्णांनी!" अण्णा माझ्याकडं डोळा मिचकावून म्हणाला, "पत्रावळ हाय, बारक्या. ताट न्हाई." आणि चार माणसं हसली. मीही हसलो. त्या दिवसापुरता तरी त्याच्या तोंडात गोडवा होता.

तीन महिन्यांनी माझं कोलेस्ट्रॉल उतरलं. गोळीही लागली नाही. डॉक्टर म्हणाला, असंच चालू ठेवा, आणि पुन्हा म्हणाला, भावाचं तपासलं का? मी नाही म्हणून मान हलवली. बाहेर येऊन अण्णाला कागद दाखवला, तर त्यानं तो हिसकावून घेतला आणि मोंढ्यात दुकानोदुकानी फिरवला. "बघा, आमचं उतरलं!" आमचं म्हणायचा. हमालांना चहा पाजला. सोयाबीन घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याला तर त्यानं गाडीवरून खाली उतरवून तो कागद वाचायला लावला. त्या बिचाऱ्याला वाटलं, भाव पडला.

मी त्याच संध्याकाळी पुन्हा म्हणालो, "अण्णा, उद्या लॅबला चल. माझ्यासाठी म्हणून चल."

"पास झालेल्या पोराला पुन्हा परीक्षेला बसवतोस का?" म्हणाला.

त्यानंतरच्या सोयाबीनच्या सुगीत, भर दुपारी, दुकानात लिलाव चाललेला असताना अण्णा गादीवर टेकला आणि जबडा चोळायला लागला. दाढ दुखते म्हणाला. मग म्हणाला, खांदा धरलाय. मग म्हणाला, गॅस झालाय, सोडा आणा. सोडा येईपर्यंत त्याचा सदरा असा भिजला, की कुणी आडात बुडवून काढावा. इथं मी काही वाढवून सांगत नाही.

उदगीरच्या डॉक्टरनं ईसीजीची पट्टी काढली, इंजेक्शन दिलं आणि लातूरला हलवा म्हणाला. गाडीत मी त्याच्या डोक्याखाली मांडी दिली. नळेगावच्या पुढं रस्ता खोदलेला होता, गाडी आदळली की तो माझं मनगट आवळायचा. एकदाच बोलला. "लिलाव पुरा झाला का?" मी म्हणालो, झाला. झाला नव्हता.

लातूरच्या दवाखान्यात स्ट्रेचर आत घेताना तिथला तरुण डॉक्टर विचारत होता, "बीपी आहे? शुगर? कोलेस्ट्रॉल कधी तपासलंय? जुने रिपोर्ट आहेत का काही?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा स्ट्रेचरवरून म्हणाला, "हाय. ह्याच्या खिशात हाय."

होताच तो. मोंढ्यात फिरवून झाल्यावर माझ्या पाकिटात चौघडी करून ठेवला होता. डॉक्टरनं हात पुढं केला, मी दिला. त्यानं उलगडून भराभर वाचला आणि त्याच्या कपाळावरची आठी सैल झाली. "हे तर छान आहे." मग त्याची नजर वर वयावर गेली. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा अण्णाकडं.

"हा यांचा आहे?"

मी आयुष्यात एवढ्या थापा मारल्या, की त्यांची गंजी लावली तर किल्ल्याचा बुरूज खाली दिसेल. त्या घटकेला एक सुचली नाही.

"माझा आहे," म्हणालो.

अण्णा म्हणाला, "एकच हाय, साहेब." आणि त्याला आत नेलं.

तो वाचला. नस उघडली, जाळी बसवली. पण उशीर झाला होता, हृदयाचा मोठा भाग कामातून गेला होता. त्याचंही रक्त तपासलं गेलं, आयुष्यात पहिल्यांदा. ते मी इथं सांगत नाही. माझं पहिलं वाचून मला धसका बसला होता, याच्यापुढं ते काहीच नव्हतं.

आता तो घरीच असतो. चार पावलं चालला की दम लागतो. दुकानात येत नाही. मीठ जवळजवळ बंद. आणि पाणी मोजून, कारण जास्त झालं की पायांवर सूज चढते. सकाळी बायको त्याचं दिवसाचं पाणी बाटलीत भरून उशाशी ठेवते, तो दिवसभर घोट घोट पुरवून पितो.

घरी आणल्यावर पहिल्या जेवणाला मी पितळी ताट मांडलं. बायकोला म्हणालो, मलाही बिनमिठाचंच वाढ. अण्णा पाटावर बसला, ताटाकडं बघितलं, आणि म्हणाला, "माय, मला स्टीलचं दे एक."

"अण्णा, मी खातो की बिनमिठाचं. मला चालतंय."

"न्हाई बारक्या." त्याचा आवाज आता एवढा बारीक झालाय, की कान न्यावा लागतो. "तुजा रिपोर्ट तुजा. माजा माजा."

तेव्हापासून दोन ताटं आहेत. पितळी ताट फळीवर उभं करून ठेवलंय. परवा माझी पुन्हा तपासणी झाली. आधीपेक्षाही चांगली आली. कागद खिशात घालून घरी आलो, त्याच्याजवळ बसलो. कुठं गेला होतास, त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

त्या दिवशी जेवताना त्यानं अर्धीच भाकर खाल्ली. भात थोडा चिवडला. मग नेहमीच्या सवयीनं बाटली उचलली, ताटावर तिरकी केली, आणि हात थांबला. तळाशी दोनच घोट उरले होते, रात्रीच्या गोळ्यांपुरते. त्यानं बूच लावलं आणि ताट माझ्याकडं सरकवलं.

"आता तू कर."

मी उरलेलं खाल्लं. माझ्या तांब्यातलं पाणी त्याच्या ताटात ओतलं, बोटांनी कडेकडेनं फिरवलं, ताट उचललं आणि प्यायलो. त्यात तेल नव्हतं, मीठ नव्हतं, काहीच नव्हतं. अण्णा बघत होता.

"कडंला शीत राहिलंय," म्हणाला.

मी ते बोटानं टिपलं आणि खाल्लं.