समीक्षाचा पाय आणि माझी ट्यूब

“त्या ट्यूब डुप्लिकेट आहेत. यापुढे कोणीही गेटसमोरच्या दुकानात सायकल नेऊ नये.”

मुख्याध्यापक प्रार्थनेच्या वेळी माइकवर हे बोलले, तेव्हा मी गेटसमोरच्याच दुकानात रिम सरळ करत होतो. हातातला पाना मी भिंतीवर फेकला. भिंतीचा उडालेला पोपडा अजून तसाच आहे.

कडुनिंबाखाली एक पंप आणि पाण्याचं घमेलं घेऊन मी हा धंदा सुरू केला. देऊळघाटच्या रस्त्यावर माझ्या ट्यूबला कोणी नावं ठेवली नव्हती. दुपारपर्यंत टपरीवरचा दिनू मला हाक मारू लागला, “काय बे डुप्लिकेट, चहा घेतं काय?” संध्याकाळपर्यंत नेहमीची गिऱ्हाइकं दुकानासमोरून सरळ पुढे जाऊ लागली.

झालं होतं असं. शाळेला मुलींसाठी नव्या सायकली मिळाल्या. त्यांची देखभाल माझ्याकडे होती. रोज सकाळी मुली आल्या की मी स्टँडवर जाऊन हवा बघायचो, कमी असेल तर भरायचो. या सायकलींच्या जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवर मीटर लावून आतली हवा नीट कळत नाही. म्हणून टायर अंगठ्याने दाबायचा. अंगठा रुतला तर हवा कमी. ही पहिली परीक्षा. दुसरी, माणूस सीटवर बसवून टायर जमिनीवर किती पसरतो ते बघायचं. एवढ्या सायकली असल्या की दुसरी परीक्षा कोणी करत नाही. मीही करत नव्हतो.

तरी मागच्या चाकाच्या ट्यूब सारख्या फाटत होत्या, माझ्या दुकानातली नवी घातली तरी.

माइकवर माल डुप्लिकेट ठरल्यावर फाटलेल्या सगळ्या ट्यूब गळ्यात अडकवून मी ऑफिसात गेलो.

“हे काय, हार घालून आलात?” मुख्याध्यापक म्हणाले.

“डुप्लिकेट माल दाखवायला आलो, सर. बघा, प्रत्येक ट्यूबला जोडीने दोन चिरा आहेत, साप चावल्यासारख्या. माल खराब असता तर जोडावर सुटला असता. काटा असता तर एकच भोक पडलं असतं. टायरमध्ये हवा कमी असली की खड्ड्यात रिम खाली बसते आणि ट्यूब दगड अन् रिमच्या मधात चेपते. दोन्ही कडांनी कापली जाते.”

“म्हणजे हवा कमी होती?”

“हो.”

“आणि हवा रोज सकाळी कोण भरतं?”

आयुष्यात घासाघीस करताना इतका वाईट मी कधी अडकलो नव्हतो.

त्या दिवसापासून मला चैन पडेना. स्टँडवर हवा भरायचं काम अजून माझ्याकडेच होतं. सकाळी टायर मऊ. मी भरायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा मऊ. व्हॉल्व्ह पाण्यात बुडवून पाहिले, एक बुडबुडा नाही. मग संशय पोरांवर गेला. मधल्या सुट्टीत मी दुकान उघडं टाकून स्टँडमागे उभा राहिलो. कोणी फिरकलं नाही. शाळा सुटताना प्रत्येक टायर दाबला. कडक. म्हणजे हवा गेटबाहेर जात होती. मी गेटमध्येच आडवा उभा राहिलो.

पहिली आली आठवीतली समीक्षा. लहानखुरी, पण तोंडाने तिखट. तिच्या कॅरिअरवर बसायला मैत्रीण तयारच होती.

“थांब. सीटवर बस. मले टायर पाहू दे.”

“थांबा ना काका, आधी हवा तं कमी करू द्या.”

ती वाकली, व्हॉल्व्हचा नट सैल केला. फुस्स. अंगठ्याने टायर दाबून पाहिला आणि नट आवळला. सगळं इतक्या सफाईने, की मी बघतच राहिलो.

“काऊन गं? मी सकाळपासून मरून राह्यलो, अन् तू हवा सोडून राह्यली?”

“मग पाय कसा टेकन? तुमचे पाय लंबे हायत, तुमाले काय समजते! समोरून एसटी आली का थांबा लागते. पाय नाही टेकला का दोघी बी नालीत.”

मागच्या मुली हसल्या. “आमी सगळ्याच सोडतो, काका. थोडी बसते सायकल खाली.”

सीट वर होती हे मला दिसत होतं. पण ती आणखी खाली जात नव्हती, कारण तिचा पाइप फ्रेमच्या नळीत तळाला टेकला होता. मुलींनी मग हवेवर उपाय काढला. जेमतेम बोटभर फरक पडत होता. त्यावर डबलसीट, आणि त्यावर आमचा रस्ता. ट्यूब टिकणार कशी?

मी परत ऑफिसात गेलो.

“सीटचे पाइप खालून कापावे लागतील. मी कापतो.”

“किती घ्याल?”

“पैसे नको. माइकवर बोलला ते माइकवरच मागे घ्या.”

“नोटीस बोर्डवर लावतो.”

“बोर्ड कोण वाचते, सर?”

“वर्गावर्गात सांगतो.”

“वर्गात तुम्ही मले डुप्लिकेट म्हटलं नव्हतं.”

त्यांनी पेपरवेट बाजूला सरकवला. मग म्हणाले, “ठीक आहे.”

सगळे पाइप मी कापले. समीक्षा सीटवर बसली, दोन्ही पाय जमिनीवर टेकले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “हे पयलेच कराले काय झालतं, काका?” हवा सोडणं बंद झालं आणि जोडीच्या चिराही बंद झाल्या.

दुसऱ्या दिवशी माइकवर मुख्याध्यापक म्हणाले, “सायकलींच्या ट्यूबमध्ये दोष नसल्याचे निदर्शनास आले आहे.” एवढंच. ना माझं नाव, ना दुकानाचं. पाइप मात्र मी सगळे आधीच कापून बसलो होतो. सौद्यात आपला माल आधी द्यायचा नसतो, हे मी दुसऱ्यांना शिकवतो.

दिनू अजूनही डुप्लिकेटच म्हणतो. मी त्याच्याकडे चहा पीत नाही.

आता फाटलेली ट्यूब घेऊन कोणी आलं, की मी ट्यूब नंतर बघतो. आधी सायकल जिची आहे तिला सीटवर बसवतो आणि तिचे पाय बघतो.