प्लगिन चालेना तो दिवस

परळीला स्टेशन रोडवर मी आणि माझा मोठा भाऊ सायबर कॅफे चालवायचो. सहा मशिनी. व्हायरसनं त्या सारख्या आडव्या व्हायच्या, म्हणून भावाशी भांडून मी सगळ्यांवर विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं होतं. सकाळी कीबोर्डवर बसलेली वीजकेंद्राची राख फडक्यानं पुसताना मला त्याचा लई अभिमान वाटायचा.

एका दुपारी बाराच्या सुमाराला एक सिस्टर आल्या. मूळच्या उमापूरच्या, परळीतल्या एका खासगी दवाखान्यात नर्स होत्या. आखातातल्या एका हॉस्पिटलसाठी त्यांना इंग्रजी ऐकून उत्तरं द्यायची परीक्षा ऑनलाइन द्यायची होती. मुदत त्याच दिवशी चारपर्यंत होती.

साइट उघडली, पण परीक्षेच्या जागी नुसता करडा चौकोन. ब्राउझरला जोडायचं एक प्लगिन हवं होतं. ते उतरवून घेतलं, तरी चौकोन तसाच.

कारण शोधायला मला अर्धा तास लागला. ते प्लगिन एका कंपनीनं बंद डब्यासारखं दिलेलं. आत हात घालायची सोय नव्हती. ते सिस्टीममधली एक लायब्ररी, म्हणजे सगळ्या प्रोग्रामना लागणारी सामायिक फाइल, मागत होतं. आणि तीही जुन्या आवृत्तीची. आमच्याकडं नवी होती. प्लगिनला फसवायला मी नव्या फाइलला जुनं नाव दिलं. ब्राउझर उघडला आणि लगेच बंद पडला.

"होतंय ना ताई?" सिस्टरांनी विचारलं.

"होतंय, होतंय. पाच मिनिटं."

कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेल्या एका जुन्या सीडीवर ती लायब्ररी सापडली. घाईत मी ती सरळ नवीच्या जागी टाकली. त्या मशीनचा डेस्कटॉपच उठेना. मी उठायची, दारापर्यंत जायची, परत बसायची. बाकीची गिऱ्हाइकं माना वळवून बघायला लागली.

भाऊ जवळ येऊन हळू म्हणाला, "कावून या फुकटच्या सिस्टीमचा नाद केलास? मी सांगत होतो का न्हाई?"

सिस्टरांनी घड्याळ बघितलं, पर्स उचलली. "मी अंबाजोगाईला जाते ताई. तिथल्या कॅफेत बघते. एक वाजून गेला." त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या गेल्यावर मी दुसऱ्या मशीनवर बसले. या वेळी सिस्टीमला हात लावला नाही. जुनी लायब्ररी एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आणि फक्त ब्राउझरला तिकडं बघायला सांगितलं. करडा चौकोन गेला, परीक्षेचं पान आलं. हेडफोन लावून बघायलाही मी थांबले नाही. चप्पल अडकवून बसस्टँडकडं पळत सुटले.

अंबाजोगाईची गाडी लागलेली होती. सिस्टर खिडकीशी बसल्या होत्या.

"सुरू झालंय! उतरा, चला."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "आवाज येतोय का?"

हो म्हणणं अगदी जिभेवर आलं होतं. मघाशीही मी होतंयच म्हणत होते.

"ते अजून बघितलं न्हाई," मी म्हणाले.

कंडक्टरनं घंटी दिली. त्या क्षणभर उठल्यासारख्या झाल्या, मग बसल्या. "नको ताई. ऐकायचीच परीक्षा हाय." गाडी निघाली.

परत येऊन मी हेडफोन लावले आणि नमुन्याचा प्रश्न सुरू केला. आवाज आला. एक बाई स्वच्छ इंग्रजीत विचारत होती, पेशंटला कधीपासून ताप आहे. मी तो नमुना शेवटपर्यंत ऐकला, मग पुन्हा पहिल्यापासून लावला.

महिनाभरात भावानं चार मशिनींवरून लिनक्स काढलं. मी अडवलं नाही.

पुढं सिस्टर पासपोर्टच्या झेरॉक्ससाठी आल्या. परीक्षा अंबाजोगाईत झाली होती, त्या पास झाल्या होत्या. "त्या दिवशी तुमी खरं बोललात म्हणून मी गाडीत बसून राहिले," त्या म्हणाल्या. "न्हाईतर उतरलेच असते."

त्या दिवशी आमच्याकडंही आवाज येत होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. झेरॉक्सचे कागद जुळवून त्यांच्या हातात दिले, आणि त्या गेल्यावर कितीतरी वेळ कामात लक्ष लागेना.