जागेवर बसून जिल्हा सोडला!

अगं स्मिते, हातातलं सगळं खाली ठेव आणि ऐक, आज काय झालंय! नाही, थांब, असं मधूनच सांगितलं तर तुला काही कळणार नाही. मामाच्या ऑफिसात किस्से इतके साठलेत ना, की एक ओढायला जावं तर अख्खा गठ्ठाच अंगावर येतो. फायलींना निदान वाळवी तरी लागते!

तर मामा हिंगोलीत वकील. मी पुण्याहून एलएलबी करून त्याच्याकडे काम शिकायला आलेय, हे तुला माहितीये. आमचा सगळ्यात लाडका क्लायंट म्हणजे सरदार चाचा. मूळचे काबूलचे. तिकडे लढाई पार घरात शिरली तेव्हा बायको आणि तिसरीतली लेक मनजीत, एवढंच घेऊन भारतात आले. राहायचा परवाना दरवर्षी वाढवून घ्यायचा. अट एकच, न विचारता जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. परवाना गेला की सगळंच गेलं. आणि मनजीत यंदा दहावीला आहे, मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा!

*

"पण चाचा, एवढा मोठा देश, हिंगोलीच का?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

चाचांची बहीण शेजारच्या जिल्ह्यात, नांदेडला असते. तिच्या नवऱ्यानं आसपासच्या चार-पाच गावांची नावं सुचवली. काबूलमध्ये चाचांचा धंदा होता हिंगाचा.

"बेटा, हिंगोली सुना तो लगा, यहाँ पूरा बाजार हिंग का होगा!"

आले, बघतात तर जिकडेतिकडे हळद!

मग काय, आता हळदच विकतात. हिंगाची एक डबी तेवढी गल्ल्याजवळ ठेवलीये. विकत नाहीत, नुसती उघडून वास घेतात.

*

पहिल्यांदा ठाण्यात नोंद करायला गेले, तो किस्सा तर मामा लग्नकार्यातसुद्धा सांगतो.

जमादारानं विचारलं, "कुठून?"

"काबूल."

"कबूल? बराबर हाय. पण केलं काय?"

"जी, काबूल! काबूल!"

"अहो, ऐकलं ना! कबूल केलं, लई चांगलं केलं. आता गुन्हा तर सांगा!"

मामा पोचला तेव्हा जमादारानं चाचांना चहा मागवला होता. इतक्या झटक्यात कबूल होणारा आरोपी त्याला अख्ख्या नोकरीत भेटला नव्हता!

*

मग मनजीतची शाळा. हेडमास्तर म्हणाले, "शाळा सोडल्याचा दाखला आणा."

"जी, शाळेवर रॉकेट पडलं."

"ते झालंच हो. पण दाखला?"

"जी, शाळाच नाही."

हेडमास्तर तसे भले माणूस. कारकुनाला म्हणाले, आपल्याच रजिस्टरला नोंद कर. कारकून एक-एक रकाना भरत 'शाळा सोडण्याचे कारण' इथं येऊन अडला. "काय लिहू?"

"रॉकेट."

"रॉकेट कसं लिहू? तपासणीवाले मलाच विचारतील ना!" दहा मिनिटं पेन चावत बसला आणि मग सुवाच्य अक्षरात लिहिलं : वडिलांची बदली.

चाचा आजही सांगतात, "गलत क्या है? बदली ही तो हुई. सिर्फ ऑर्डर नहीं आया!"

*

मनजीत आता इथली पक्की झालीये. मागे दिल्लीहून कुणी मॅडम आल्या होत्या, लढाईतून आलेल्या लोकांच्या अडचणी लिहून घ्यायला. फाइल मांडीवर, आवाज एकदम मऊ. "बेटी, यहाँ तुम्हें कोई तकलीफ है?"

"व्हय, हाय ना," मनजीत म्हणाली. "भूमिती!"

*

हां, आता आजचं! परभणीतून फुटून हिंगोली यंदा वेगळा जिल्हा झाला ना? चाचांच्या परवान्यावर छापलंय 'जिल्हा परभणी'. तर नव्या ऑफिसातून चक्क नोटीस : आपण विनापरवानगी परभणी जिल्हा सोडून हिंगोली जिल्ह्यात राहत आहात, परवाना रद्द का करू नये?

अगं, माणूस दुकानातल्या गादीवरून उठला नाही!

मामाची आज वसमतला तारीख. म्हणून चाचा आणि मनजीतला घेऊन मीच गेले. साहेब नवे, टेबल नवं, खुर्चीवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही.

"काहून सोडला जिल्हा?" साहेबांनी दरडावलं.

चाचांनी हात जोडले. "साहब, मैं तो दुकान में बैठा था. जिल्हा ही उठके चला गया!"

"मस्करी करून राहिले का? जा, परभणीहून जुनी फाइल घेऊन या."

मनजीत पटकन म्हणाली, "साहेब, परभणी आता दुसरा जिल्हा हाय. बाबा तिकडं गेले की तुमी पुन्हा नोटीस काढताल!"

शिपाई फिस्सकन हसला. तेवढ्यात चाचांनी पिशवीतून डबा काढला, "पहले मुँह मीठा करो जी." आत शिरा, तुपानं नुसता निथळणारा! साहेबांनी दोनदा घेतला, शिपायानं तीनदा. माझं मी मोजलं नाही.

साहेब विरघळले. "बरं, मिटवून टाकू. मॅडम, तुमी वकील ना? लिहून द्या, हा माणूस आल्यापासून एकदाबी या जागेवरून भाईर गेला न्हाई, मी स्वतः ओळखते. करा सही, आत्ता परवाना वाढवून देतो. न्हाईतर फाइल वर जाईल, अन् मार्च कधी निघून गेला कळायचं न्हाई."

मनजीत माझ्याकडे बघतेय. मी पेन काढलं, लिहायला वाकले. तर चाचा प्रेमानं कानाशी येऊन म्हणाले, "और लो ना बेटा. गुरुद्वारे का प्रसाद है, आज सुबह ही नांदेड से लेके आया!"

स्मिते, पेन बोटांत टिकेना, इतकं तूप! समोर साहेब स्वतःची बोटं चाटतायत आणि म्हणतायत, "करा, करा सही."

खरं सांग, तू काय केलं असतंस?