पारखीकाकांची जिलबी

आमच्या जिनच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, मालकाने पारखीकाकांना फसवले. खामगावात हे कोणी उघड बोलत नाही, म्हणून मी लिहितो. त्या जिनमध्ये मी कापसाची दलाली करत होतो, निव्वळ तोंडाच्या जोरावर उभा राहिलो होतो.

कापसाची गाडी फाटकात शिरली की माल पारखायला काका चाकाच्या आऱ्यांवर पाय देऊन सरसर वर चढत. खांद्यापर्यंत हात कापसात खुपसत, डोळे मिटत आणि सांगत, "खाली ओला हाय. पाणी मारलं बे यानं." काटकुळा माणूस. मी कितीही आरडाओरडा केला तरी शब्द बदलत नसत. म्हणत, "ओरड तू. कापूस काही तुले भिऊन सुकत नाही."

दुपारी विहिरीजवळच्या छपरात सगळे घरची भाकरी आणि ठेचा खात. सौदा ठरला की विकणारा पारख्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवी. तो तोंडात टाकला म्हणजे माल पसंत. नाकारला म्हणजे सौदा मोडला.

मग मालकाने छप्पर पाडून तिथे मेहुण्याला हॉटेल घालून दिले. भाकरी सोडायला जागा राहिली नाही. सगळे भज्यांवर आले. गुळाच्या खड्याऐवजी त्याच हॉटेलातली बशीभर जिलबी सुरू झाली. हंगामात गाड्यांची रांग लागलेली, आणि काकांनी बशी बाजूला सारली की सौदा मोडला समजून शेतकऱ्याचा चेहरा उतरे.

"कमी खा ना काका," मी एकदा चिडून म्हणालो.

"जिलबी कोण खाते बे? मी तुमचा सौदा खाऊन राह्यलो. आन् आजची पहिली बशी कोनं आनली?"

मीच आणली होती.

तीन-चार हंगामांत काका दुप्पट झाले. एकदा चाकावरून पाय घसरला. हमालांनी खालून रेटले, हसलेही. मालक गादीवरून म्हणाले, "जिभेवर ताबा नाही, त्याले आम्ही काय करावं?" दुसऱ्या दिवशी नवा पारखी आला.

काका उंद्री गावी मुलीकडे गेले. वर्षभराने मी भेटलो तेव्हा ते पुन्हा वाळले होते. मुलीच्या घरी भाकरी होती, शेतापर्यंतची वाट होती, हातावर बशी ठेवणारे कोणी नव्हते. गुडघे मात्र गेले ते गेलेच. मी निघताना त्यांनी माझ्या पाठीमागची कापसाची उशी चाचपली. "कोरडा हाय," म्हणाले आणि तोंड फिरवले. पुढच्या हंगामाआधीच ते वारले.

जीभ खामगावात होती तीच उंद्रीतही होती. मग दोष जिभेचा कसा? मालक, माझ्या बशांचा जाब मी देतो. त्या छपराचा तुम्ही द्या.